रिकाम्या गाडीचा ब्रेक

दुपारी काजूच्या कारखान्यासमोर एक पिकअप येऊन थांबली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, गेट उघडलं नाही. परत दिला, मग लांबवून दिला, मग शिव्या घालत खाली उतरला आणि जाळीतून बघतो तर आमचा शटुप्पा खुर्चीत बसलेला, मान छातीवर, हात मांडीवर. "शटूमामा, झोपलास व्हय?" म्हणून त्यानं जाळी खडखडवली... नंतर बाजूच्या छोट्या दारानं आत जाऊन खांदा हलवला. हे सगळं त्यानंच मला फोनवर सांगितलं. मी तेव्हा बेळगावात अनगोळमधल्या माझ्या शेडमध्ये एका गाडीखाली पडलो होतो. हात ऑइलचे, म्हणून फोन स्पीकरवर टाकून छातीवर ठेवलेला. "झोपल्यागत दिसालते ओ," तो सांगत होता, "मला वाटलं डुलकी लागली असंल." मी बराच वेळ गाडीखालून बाहेर आलो नाही. शटुप्पाला डुलकी लागणं शक्यच नव्हतं. गेली कित्येक वर्षं तो दिवसाचा डोळा मिटत नव्हता. आपण एकदा गाडी चालवताना झोपलो आणि भावाचा पाय मोडला, अशी त्याची खात्री होती. तो झोपला नव्हता. हे जगात फक्त मला माहीत होतं, आणि मी ते त्याला सांगितलं नव्हतं.

शटुप्पाला माती देऊन परतताना पुढं चाललेला कल्लाप्पा, आमच्या गावचाच पिकअपवाला, मागं वळून म्हणाला, "शेवटी झोपलाच की रं शटू!" त्यात वाईट हेतू काही नव्हता. माणूस गेल्यावर जड झालेली हवा हलकी करायला कुणीतरी असं बोलतंच. दोघंतिघं हसले. शटुप्पाचा धाकटा भाऊ नागो लंगडत माझ्या शेजारून चालला होता. तो हसला नाही, रागावलाही नाही. आणि मी, ज्यानं तिथंच थांबून बोलायला हवं होतं तो, चपलेत अडकलेला खडा काढायला खाली वाकलो. त्या वाकण्याची मला फार लाज वाटते. म्हणून हे लिहितोय. छापून येण्याआधी ज्यांना तोंडानं सांगायला हवं होतं त्यांना सांगून आलोय, ते पुढं येईलच.

शटुप्पा आणि मी जांबोटी रस्त्यावरच्या एकाच गावचे, एकाच बाकावरचे. दहावीला तो गणितात गेला आणि मी इंग्रजीत. "दोघं मिळून एकच परीक्षा दिली असती तर फस्क्लास पास झालो असतो," असं तो पुढं कितीतरी वर्षं कुणालाही सांगायचा. मी बेळगावात एका गॅरेजात चिकटलो, तो ट्रकवर किन्नर, म्हणजे क्लीनर, म्हणून गेला. गाड्या धुता धुता, मागं घेताना हात दाखवता दाखवता कधी स्टेअरिंगवर बसला ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. माणसं बोलायला लागली की कळतं कुणाला काय आवडतं. शटुप्पा रस्त्यांबद्दल बोलायचा. कणकुंबीच्या पुढचं जंगल, चोर्ल्याचा उतार, कुठल्या वळणावर सकाळी धुकं बसून राहतं आणि कुठल्या वळणावर झाडांच्या सावलीमुळं रस्ता दुपारपर्यंत ओला असतो, हे तो असं सांगायचा जसं दुसरी माणसं सोयऱ्याधायऱ्यांबद्दल सांगतात. नागोला हाताशी घेऊन त्यानं पिकअप घेतली तेव्हा पहिल्यांदा ती माझ्या शेडसमोर आणून उभी केली आणि म्हणाला, "भरम्या, ही तुझी सून. हिला काय झालं तर तुला विचारणार."

त्यांची लाइन भाजीची होती. पहाटे बेळगावात माल भरायचा, चोर्ल्यावरून गोव्यात उतरवायचा आणि दुपारी रिकामी गाडी घेऊन परत. नाक्यावरच्या पोलिसाशी तो कानडीत गोड बोलायचा, म्हापशाच्या बाजारातल्या बायकांशी कोंकणीत भांडायचा, आणि माझ्याशी दोन्हीची नक्कल करायचा. येताना पाव आणायचा आणि कागदात बांधलेले सुके बांगडे. ते पुडकं तो मुद्दाम माझ्या हत्यारांच्या पेटीत ठेवून जायचा. माझी बायको म्हणायची, "शटूभावजी आल्यालं चार घरं आधी कळतंय." यावर तो दारातनंच ओरडायचा, "वैनी, वास येतोय म्हणून तर बोलवत न्हाईसा जेवायला!" आता संध्याकाळी पेटी उघडतो तेव्हा तिच्यात फक्त हत्यारं असतात. पाने, स्क्रू-ड्रायव्हर, ऑइलचं फडकं... माझं नाक अजून काहीतरी शोधत असतं.

आता एका व्हॉल्व्हबद्दल सांगायला हवं. वाचकांपैकी बहुतेकांनी तो कधी बघितला नसेल, कारण तो बघायला गाडीखाली झोपावं लागतं. पिकअपच्या मागच्या ॲक्सलच्या वर, चेसीला मुठीएवढा एक व्हॉल्व्ह लावलेला असतो, आणि त्याच्यापासून एक सळी निघून ॲक्सलला जोडलेली असते. गाडीत माल भरला की बॉडी खाली बसते, सळीला ते कळतं, व्हॉल्व्ह उघडतो आणि मागच्या चाकांना ब्रेक भरपूर जातो. गाडी रिकामी झाली की बॉडी वर उठते आणि व्हॉल्व्ह मागचा ब्रेक आखडता घेतो. कारण रिकाम्या गाडीच्या मागच्या चाकांवर वजन नसतं. तिथं पूर्ण ब्रेक गेला तर चाकं जागच्या जागी अडकतात, आणि ओल्या रस्त्यावर अडकलेली चाकं घसरत पुढं यायला बघतात. मागची बाजू तोंडाच्या जागी येते. आमच्यात याला लोड व्हॉल्व्ह म्हणतात. घाटातला तांबडा चिखल बसून बसून तो पावसाळ्यात आखडतो, गंजतो, गळायला लागतो. मग आम्ही काय करतो... करत होतो, म्हणायला पाहिजे... तो काढून टाकायचा आणि येणारी पाइप जाणाऱ्या पाइपला सरळ जोडायची. याला 'डायरेक्ट' म्हणतात. भरलेल्या गाडीला असा ब्रेक फार छान लागतो. आणि भाजीवाल्याला काळजी असते ती भरलेल्या गाडीची. जाताना माल, वेळ, उतार, सगळा जीव जाण्यात. येताना गाडी रिकामी, माणूस रिकामा, त्या वाटेचा विचार कोण करतो?

चतुर्थीच्या आधीचे दिवस होते. गोव्यात भाजीची मागणी इतकी की एक फेरी चुकली तर व्यापारी दुसरी गाडी बघायचा. शटुप्पा गाडी लावून गेला, "मागनं ऑइल गळालंय, सांजच्याला नेतो," एवढं बोलून. मी खाली शिरलो. व्हॉल्व्ह चिखलानं लिंपलेला, सळीचा बोल्ट गंजून ॲक्सलशी एक झालेला. ब्रशनं चिखल काढला, गंजावर तेल सोडलं, थोपटत थोपटत बोल्ट फिरवला. पाइपांचे नट सोडवले, चेसीचे बोल्ट काढले, आणि तो व्हॉल्व्ह गळत माझ्या हातात आला. नवीन व्हॉल्व्ह बेळगावात कुठं नव्हता, कोल्हापुराहून यायला वेळ होता. मी पाइपा डायरेक्ट जोडल्या, हवा काढली. पार्ट आला की बसवू असं मनाशी म्हटलं. शटुप्पाला हे सांगायचं ठरवलं होतं खरं, पण तो आला तो घाईत, नागो तर आधीच गाडीत बसून हॉर्न वाजवत होता. "झालं काय?" म्हणाला. "झालं," म्हटलं. एवढंच बोलणं.

दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम वाकडी वाट करून शेडवर आला. "भरम्या, ब्रेक काय केलास रं! माल गच्च भरल्याला, घाटाची उतरण, आणि पायाखाली लोण्यागत! तुझं हात सोन्यानं मढवायला पाहिजेत."

"मढव की मग."

"सोनं न्हाय. बांगडं देतो."

शेडमधले सगळे हसले. चार माणसांसमोर त्यानं केलेलं ते कौतुक मी घेतलं. पुढं पार्ट आला. खोक्यासकट मी तो फळीवर ठेवला. व्हॉल्व्ह बसवायचा म्हणजे त्याला सांगायला हवं की त्या लोण्यासारख्या ब्रेकमध्ये माझ्या हाताचं काहीच कसब नव्हतं, एक वस्तू काढून टाकली होती इतकंच. आज बसवू, उद्या बसवू... तोवर कल्लाप्पा आला. "शटूच्या गाडीगत ब्रेक करून दे." त्याच्यामागून आणखी कोण कोण आले. मी सगळ्यांना डायरेक्ट करून दिलं. मी नाही म्हणालो असतो तर शटुप्पाला का करून दिलं याचं उत्तर द्यावं लागलं असतं.

त्या दिवसांत पावसानं उघडीप दिली होती. रस्ते कोरडे होते, म्हणून काही झालं नाही. मग एका दुपारी कणकुंबीच्या अलीकडं झिमझिम सुरू झाली. दोघं भाऊ गोव्यातून रिकामी गाडी घेऊन येत होते. वळणावर म्हशी रस्त्यात आल्या. शटुप्पानं ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी फिरली, आलेल्या वाटेकडं तोंड करून डाव्या कुशीवर चरात पडली. शटुप्पाला खरचटलं. नागोचा पाय दारात अडकून गुडघ्याखाली चेचला. गाडी ओढून माझ्याच शेडमध्ये आणली. ती आत घेतली, दार लावलं, आणि सगळ्यात आधी, पत्रा नाही की काच नाही, फळीवरचं खोकं काढून मी तो नवा व्हॉल्व्ह बसवला. त्यानंतर हात धुऊन दवाखान्यात गेलो.

शटुप्पा बाकावर बसला होता. मला बघून उठला. "भरम्या, तू गाडी बघितलास?" म्हणाला. "व्हय." मग त्यानं माझा दंड धरला. "मी आयुष्यभर ब्रेक दाबत आलोय रं. गाडी अशी फिरत न्हाय. म्हशी बघितल्यालं आठवतंय, पाय दाबल्यालं आठवतंय, आणि एकदम उलटं तोंड. गाडीत काय न्हवतं न्हवं?" मी आजवर हा प्रश्न किती वेळा परत ऐकला असेल सांगता येणार नाही. त्याला मी 'होतं' म्हणायला हवं होतं. त्याचे डोळे तेवढंच मागत होते. मी म्हटलं, "गाडीत काय न्हाय. ब्रेक एकदम बरोबर हाय." आणि त्या क्षणी ते खरंही होतं, हेच त्या खोट्यातलं सगळ्यात वाईट. त्यानं माझा दंड सोडला. "मग मला डुलकीच लागली असणार," म्हणाला. "पहाटेपासनं जागा व्हतो. म्हशी स्वप्नात बघितल्या का काय की..."

मी का बोललो नाही? पोलीस, धंदा, शेड, नागोच्या घरचे... सगळी कारणं मी नंतर जमवली. पहिलं कारण फार लहान होतं. शटुप्पा मला चांगला मेकॅनिक समजायचा आणि त्यानं तसंच समजत राहावं असं मला वाटत होतं. एकदा 'काय न्हाय' म्हटलं, मग रोज थोडं थोडं ते खरं करत न्यावं लागलं. गावात 'शटू झोपला' हे पक्कं झालं. नागो वर्षभर त्याच्याशी बोलला नाही, पुढं बोलला तो कामापुरता. पिकअप निपाणीच्या एका तंबाखूवाल्यानं नेली. नेताना शटुप्पानं किल्ली माझ्या हातात दिली. "तू दे त्येला, माझ्याच्यानं व्हायचं न्हाय," म्हणाला. मग तो काजूच्या कारखान्यात गेटवर लागला. दुसऱ्यांच्या गाड्या आत घ्यायच्या, बाहेर सोडायच्या. मागं घेणाऱ्या ड्रायव्हरला तो "येऊंदे, येऊंदे, येऊंदे... बास!" असा हात दाखवायचा, आणि त्याच्या 'बास'ला थांबलेली गाडी कधी भिंतीला लागली नाही. किन्नर होता तिथंच परत येऊन उभा राहिला, एवढंच. एसटीतसुद्धा तो ड्रायव्हरच्या मागची सीट घ्यायचा नाही. समोरचा रस्ता दिसतो म्हणून.

मृत्यूच्या थोडे दिवस आधी तो शेडवर आला होता. शेवटचं म्हणायचं ते हेच. स्टुलावर बसून चहा पीत समोरच्या पिकअपकडं बघत होता. ट्रायल घ्यायची होती. मी म्हटलं, "जा की घेऊन. कोपऱ्यापर्यंत तरी." त्यानं दोन्ही तळवे पँटवर घासले. "हात शिवशिवतात रं. खोटं कशाला बोलू... पण डोळ्यांचा भरोसा न्हाय." मी हातातला पाना खाली ठेवला. "शटू," म्हटलं. "काय रं?" तो माझ्याकडं बघायला लागला. मान किंचित तिरकी, ऐकायला तयार. "आणि थोडा चहा घेणार?" मी विचारलं. तो म्हणाला, "अर्धा." मी अर्धा कप ओतला. मग एसटीची वेळ झाली म्हणून तो उठला.

गेल्या आठवड्यात एक नवा लोड व्हॉल्व्ह, हत्यारं आणि ब्रेक ऑइल पिशवीत घालून गावी शटुप्पाच्या घरी गेलो. त्याची बायको, सुनंदावैनी, ओसरीवर बसून कारखान्याचा खाकी शर्ट घडी करत होत्या. तो परत द्यायचा होता. मी उभ्याउभ्याच सुरुवात केली, कारण बसलो असतो तर पाणी येणार, चहा येणार, मग मी इकडचं तिकडचं बोलून परत आलो असतो. सगळं सांगितलं. डायरेक्ट, कौतुक, फळीवरचं खोकं, दवाखाना. वैनींच्या हातातली घडी तशीच राहिली.

"म्हंजे त्ये जागं व्हते?" त्यांनी विचारलं.

"जागेच होते, वैनी."

"डोळं उघडं व्हतं?"

"उघडं."

त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. "जेवण झालं की मला पुढ्यात बसवायचे," त्या म्हणाल्या. "म्हणायचे, सुनंदा, माझ्या डोळ्यांकडं बघत ऱ्हा, मिटालेत काय सांग. मी धुणं टाकून बसायची. कधी कंटाळून म्हणायची, आता जळ्ळं मेलं झोपा की एकदा! व्हायचं त्ये झालंय... मी पण तसंच धरून चालल्यालं, भावजी. ह्यांस्नी झोपच लागली म्हणून." मग त्यांचा आवाज चढला. "मला एकटीला काय सांगतासा? नाग्याला बोलवा. त्या कल्लाप्पाला बोलवा, लई हसालता मातीदिवशी. सगळ्यांम्होरं सांगा."

कल्लाप्पाला बोलवावं लागलं नाही. तो कुंपणापलीकडं गाडी धूत होता, आवाज ऐकून आलाच. नागो शेतातून आला. मी परत पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना सोपं जाईल असं वाटलं होतं, तसं गेलं नाही. नागो उंबऱ्यावर पाय लांब करून बसला होता. ऐकून झाल्यावर त्यानं तो पाय हातानं उचलून जवळ घेतला.

"म्हंजे ह्यो पाय तू मोडलास, भरमाअण्णा."

"व्हय."

"आणि मी आमच्या शटूअण्णाशी तोंड धरून बसलो. एका घरात. त्यो ताट घेऊन आला की मी उठायचो." त्यानं माझ्याकडं बघितलं. "तुला मारावं वाटालंय."

"मार."

"मारून काय, अण्णा ऐकणार हाय व्हय?"

मग कल्लाप्पानं हळूच विचारलं, "माझ्या गाडीलापण तूच डायरेक्ट केलायस की रं... मी न्हाय का, शटूच्या गाडीगत कर म्हटलो?"

"म्हणून तर हे आणलंय," म्हणून मी पिशवी पुढं केली. कल्लाप्पानं आपल्या गाडीकडं असं बघितलं, जशी ती कालपर्यंत दुसऱ्याच कुणाची होती.

वैनी म्हणाल्या, "बसवायच्या आदी मला दाखवा. कशी फिरली व्हती ती."

मी नको म्हटलं. त्या ऐकेनात. गावाबाहेर खाणीकडं जाणारा एक रुंद माळ आहे, पावसानं चिंब झालेला, आजूबाजूला काही नाही. वैनी पदर खोचून डाव्या बाजूला बसल्या. मी कल्लाप्पाची गाडी थोडी पळवली, फार नाही, आणि ब्रेक दाबला. मागची बाजू एकदम हलकी झाली, सरकली, आणि माळाच्या कडेची झाडं काचेसमोरून आडवी गेली. गाडी थांबली तेव्हा आमच्यासमोर आमच्याच चाकांच्या खुणा होत्या. वैनींनी दोन्ही हातांनी पुढची पट्टी घट्ट धरली होती. "अशी," मी म्हटलं. "रस्त्यावर ह्याच्यापेक्षा जोरात. आणि बाजूला चर." त्यांनी मान हलवली. खाली उतरून त्या दगडावर जाऊन बसल्या.

मी तिथंच गाडीखाली शिरलो. डायरेक्ट केलेला सांधा सोडवला, व्हॉल्व्ह चेसीला बसवला, सळी ॲक्सलला जोडली, तिची लांबी लावली. आता हवा काढायची राहिली. हे एकट्याचं काम नाही. एकानं वर पेडल दाबून धरायचं, खालच्यानं नट सैल करून हवा सोडायची, नट आवळला की वरच्यानं पाय उचलायचा. कल्लाप्पाला हाक मारणार तोच दार उघडल्याचा आवाज आला आणि गाडी थोडी कलली. नागो चढला होता. "सांग," तो वरून म्हणाला. "दाब," मी म्हटलं. "धर... सोड." तो चांगल्या पायानं दाबत होता. "दाब... धर... सोड." ऑइलमधून बुडबुडे येत होते. बुडबुडे संपून स्वच्छ धार आली तरी मी लगेच 'बास' म्हटलं नाही. आमच्यातला कुणीतरी अजून वर बसून माझ्या शब्दासरशी पाय दाबतोय, हे मला थोडा वेळ हवं होतं.

वैनी परत येऊन बसल्या. मी तेवढ्याच वेगानं गाडी नेली, त्याच ओल्या गवतावर ब्रेक दाबला. गाडी नाकासमोर सरळ थांबली. मागं नागो आणि कल्लाप्पा माळाच्या कडेला उभे होते तसेच आरशात दिसत होते.

वैनींनी समोर बघत विचारलं, "एवढंच व्हतं?"

"एवढंच."

त्यांनी पदरानं डोळे पुसले नाहीत, काही नाही. मग म्हणाल्या, "सौंदत्तीला गेलतो तवा ह्यांनी मला अशीच पुढं बसवलीती. मांडीवर पाण्याचा तांब्या व्हता. गाडी कवा थांबली कळलंच न्हाय. मीच म्हटलं, का थांबलासा? तर हसालते. म्हणले, तांब्याला इचार." त्या माझ्या पायाकडं बघायला लागल्या. "तसं थांबवता येतंय काय तुमास्नी?"

मला माहीत होतं तो काय करायचा ते. ब्रेक दाबत आणायचा, आणि गाडी अगदी थांबायच्या क्षणी पाय किंचित उचलायचा, इतका किंचित की गाडीलासुद्धा कळायचं नाही आपण उभ्या राहिलो ते. माहीत असणं वेगळं. मी गाडी वळवली, पळवली, ब्रेक दाबत आणली, पाय उचलला. धक्का बसला.

"न्हाय," वैनी म्हणाल्या. "असं न्हाय. परत एकदा."

परत नेली. पाय जरा लवकर उचलला, गाडी पुढं घरंगळली, परत दाबावा लागला.

"न्हाय."

माळावर आमच्या चाकांच्या सरळ खुणा एकीशेजारी एक उमटत गेल्या. कल्लाप्पानं गाडी मागितली नाही. नागो दगडावर बसला. पाऊस भुरभुरत होता, काच पुसावी लागत होती, आणि वैनी प्रत्येक वेळी हात मांडीवर असे ठेवायच्या, जसं त्यांच्यात काही धरलंय आणि ते सांडायला नको. एकदा, फक्त एकदा, मला वाटलं की जमलं. मी श्वास रोखून त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी डोळे मिटले होते.

"जवळ आल्यासारखं वाटालंय," त्या म्हणाल्या. "परत एकदा थांबवा, भावजी."